एक हजार आठ दिवसांचा किरकोळ अर्ज

अर्जाला नंबर पडला तेव्हा फायलीच्या पाठीवर ‘दिवाणी किरकोळ अर्ज’ असं लिहिलं गेलं. आत मागणी होती १,००८ दिवसांचा विलंब माफ करण्याची. मुख्य अपिलाच्या आधी येणारा, त्याला जोडलेला अर्ज म्हणून तो किरकोळ. कोर्टाच्या भाषेत यात विनोद काही नाही. पण टाईप करताना माझा हात थांबला होता. एक हजार आठ ही संख्या आपल्याकडे महाराजांच्या नावाआधी लागते.

सांगलीत मी कोर्टाच्या कागदांचं टायपिंग आणि भाषांतर करतो. वकील नाही. ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन फायलींचा ऐवज एकत्र करून एकच प्रकरण केलं आहे आणि तारखा हलवल्या आहेत. दिवसांचा हिशोब मात्र कॅलेंडर समोर ठेवून केलेला आहे, कारण या प्रकरणात सगळं त्यावरच होतं.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी साडेचार एकर बागायत. आई आधी गेली, वडील १९९८ साली. मागे दोन भाऊ आणि थोरली बहीण. त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणतो. लग्न १९८० च्या सुमाराचं. आक्कांनी वाटपाचा दावा लावला आणि दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात २२ जुलै २०१९ ला निकाल लागला. दावा अंशतः मंजूर, हिस्सा एक-नवमांश. म्हणजे वीस गुंठे.

हा एक-नवमांश कुठून आला? महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केलं, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. हिंदू वारसा कायद्यात केंद्राने केलेल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. मग २०१५ मध्ये फुलवती प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की त्या तारखेला वडीलही हयात हवेत. आक्कांचे वडील सात वर्षं आधी गेलेले. म्हणून वडील आणि दोन मुलगे असे तीन हिस्से पाडायचे आणि वडिलांच्या तिसऱ्या हिश्श्यात तिघांना सारखं द्यायचं. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने फुलवतीचा निकाल चुकीचा ठरवला: मुलीचा हक्क जन्माचा, वडील असोत वा नसोत. या हिशोबाने आक्कांना एक-तृतीयांश, साठ गुंठे. अपील वेळेत झालं असतं तर ते चालू असतानाच हा निकाल आला असता. पण अपील दाखल झालं २० जून २०२२ ला.

मुदत किती होती? जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस. निकालाचा दिवस धरायचा नाही, म्हणजे २१ ऑगस्ट २०१९. पण मुदत कायद्याचं कलम १२ सांगतं की निकालाची नक्कल मिळवायला लागलेला वेळही वगळायचा. नकलेच्या शेवटच्या पानामागे तीन तारखा असतात, पक्षकार त्या कधी वाचत नाहीत. इथे होतं: अर्ज २६ जुलै, तयार २० ऑगस्ट, दिली २२ ऑगस्ट. अर्जापासून तयार होईपर्यंतचे २६ दिवस वगळले की मुदत १६ सप्टेंबर २०१९ पर्यंत जाते. तयार असलेली नक्कल न्यायला लागलेले दोन दिवस मात्र पक्षकाराचे.

माझं कुतूहल इथून सुरू झालं. नक्कल विभागाने घेतलेल्या २६ दिवसांना कायद्यात नाव आहे ‘आवश्यक वेळ’. त्याची माफी कुणी मागत नाही, तो आपोआप गळतो. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचं नाव ‘विलंब’. दिवस तसाच चोवीस तासांचा, फक्त खातं बदललं.

तर अर्ज. वकीलसाहेबांच्या ज्युनियरने जो पहिला मसुदा मला दिला त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘अर्जदार यांचे पतीचे प्रदीर्घ आजारपण, महापूर तसेच कोरोना महामारी या कारणांमुळे अपील दाखल करणेस बराच कालावधी लागला असून सदरची दिरंगाई अनवधानाने झालेली आहे, सबब ती माफ होणेस विनंती आहे.’ असली वाक्यं मी शेकड्याने टाईप केली आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षानंतर आमच्या भागातल्या प्रत्येक विलंब अर्जात महापूर आहे, आणि २०२० नंतरच्या प्रत्येक अर्जात कोरोना. दोन्ही खरे आहेत. म्हणूनच दोन्ही न वाचता पुढे सरकवले जातात.

वकीलसाहेबांनी मसुदा वाचला आणि पेन्सिलीने तीन शब्दांना गोल केले: प्रदीर्घ, बराच, दिरंगाई.

“दिरंगाई कुणी लिहिलं? आपणच कबुली द्यायची होय?”

मला तेव्हा हा कीस वाटला. घरी जाऊन विचार केला तेव्हा कळलं की त्यांचं बरोबर होतं. विलंबात दोष असेलच असं नाही. एसटीला विलंब होतो, पावसाला होतो. दिरंगाई मात्र कुणीतरी करावी लागते. फारसीतून आलेला हा शब्द आपण मराठीत आळसाच्या शेजारी नेऊन बसवला. सरकारला हे पक्कं ठाऊक आहे. राज्याचा २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या ‘विलंबास प्रतिबंध’ असं त्याचं लांबलचक नाव. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. साहेबाच्या टेबलावर जो विलंब असतो तो अर्जदाराच्या तोंडी दिरंगाई होतो. त्या कायद्यात फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहू नये असं आहे, पण ‘सामान्यपणे’ हा शब्द घालून. सगळी हवा त्या एका शब्दातून जाते.

‘विलंब’ हा शब्द मुळात लोंबण्याचा. लंब, लांब, लांबण, लोंबणं, आणि कोर्टाचा आवडता ‘प्रलंबित’, सगळी एकाच घरची मंडळी. इंग्रजीतलं ‘पेंडिंग’सुद्धा लॅटिनमधल्या टांगण्याच्याच क्रियापदावरून आलंय. आणि आमच्या जिल्ह्यात हा शब्द स्तुतीचाही आहे. मिरजेत, जिथे तंबोरे बनतात आणि जिथे अब्दुल करीम खाँसाहेब येऊन राहिले, तिथे ‘विलंबित’ म्हणजे ख्यालाची संथ लय. स्वर किती वेळ तोलून धरला यावर गवई जोखतात. तिथून दोन कोसांवर सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात त्याच धातूवरून आलेल्या शब्दासाठी हात जोडावे लागतात.

आता ‘माफी’. मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ मध्ये माफ करणं हे क्रियापदच नाही. कलमाचं शीर्षक विहित मुदत वाढवण्याबद्दल आहे, आणि आतमध्ये एवढंच आहे की मुदतीत न येण्याला पुरेसं कारण होतं अशी न्यायालयाची खात्री पटली तर अपील नंतरही दाखल करून घेता येईल. माफीची भाषा आली वहिवाटीतून आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ४१, नियम ३अ च्या मथळ्यातून. हा नियम १९७६ च्या दुरुस्तीने आला. मुदतवाढ मागणारा आणि माफी मागणारा यांच्या उभं राहण्यात फरक असतो. आक्कांनी अर्ज वाचून घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला, “माफी कशाची? मी काय चोरी केली व्हय?” वकीलसाहेब म्हणाले, “आक्का, रीत आहे तशी.” उत्तर पटलं नाही, पण आक्कांनी सही केली.

प्रदीर्घ आणि बराच या शब्दांची अडचण वेगळी. हे शब्द खोटे नसतात, मोघम असतात. मोघम हा आमच्याकडचा घातक शब्द. समोरच्या वकिलाच्या म्हणण्यात, म्हणजे लेखी उत्तरात, ‘अर्जातील कथने मोघम स्वरूपाची आहेत’ हे वाक्य यायचंच. किती दिवसांचं आजारपण प्रदीर्घ? प्रदीर्घ म्हटलं की त्यात रुग्णालयातले दिवस, घरातले दिवस आणि आजाराशी काही संबंध नसलेले दिवस एकाच गोणीत भरता येतात. न्यायाधीशांना गोणी नको असते, सुटे दिवस हवे असतात.

किती सुटे, यावर मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोन टोकं दाखवून ठेवली आहेत. १९८७ च्या कातिजी प्रकरणात उशीर होता फक्त चार दिवसांचा. तिथे न्यायालय म्हणालं की रोजच्या विलंबाचा हिशोब द्या याचा अर्थ इतका कीस काढायचा नाही; मग तासाचा का नको, सेकंदाचा का नको? १९९८ च्या बालकृष्णन प्रकरणात उशीर ८८३ दिवसांचा, आणि तिथे म्हटलं की लांबी महत्त्वाची नाही, खुलासा पटण्यासारखा आहे का ते बघा. वकिलांच्या तोंडी ही दोन्ही नावं असतात. पण यांच्या भरवशावर मोघम लिहिणाऱ्यांसाठी २०२० चं भेरूलाल प्रकरण आहे. मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, कारणं नेहमीचीच दिली, आणि न्यायालयाने अर्ज तर फेटाळलाच, वर पंचवीस हजारांचा खर्च बसवला. ८८३ पास, ६६३ नापास. लांबीवर काही नाही ते असं.

म्हणून वकीलसाहेबांनी आक्कांना एका दुपारी बसवलं आणि १७ सप्टेंबर २०१९ पासून एकेक दिवस विचारायला सुरुवात केली. मी टाईप करत होतो. तीन तास लागले.

पहिले २३ दिवस, ९ ऑक्टोबरपर्यंत: पूर ओसरून महिना झाला होता, पण घरातला गाळ, पडकी भिंत, पंचनामा, भिजलेली कागदं. ती कागदं आक्कांनी गच्चीवर दगड ठेवून वाळवली होती. सातबाऱ्याचा एक उतारा त्यांनी पिशवीतून काढून दाखवला, पाण्याची रेघ मधोमध. वकीलसाहेबांनी तो परिशिष्टात लावायला घेतला.

१० ऑक्टोबरला आक्कांच्या मालकांना अर्धांगाचा झटका. मिरजेला रुग्णालयात ४ नोव्हेंबरपर्यंत, मग घरी अंथरुणावर, २१ जानेवारी २०२० ला गेले. हे १०४ दिवस. डिस्चार्ज कार्ड आहे, मृत्यूचा दाखला आहे. ‘प्रदीर्घ आजारपण’ म्हणजे हे. पण मसुद्यात त्याने सगळे १,००८ दिवस झाकायला घेतले होते.

त्यानंतर २२ जानेवारी ते १४ मार्च. ५३ दिवस.

“तेरावा झाल्यावर काय केलंत, आक्का?”

“काही न्हाई.”

“लेकीकडे गेला होता का? आजारी होता?”

“न्हाई ओ. घरातच हुते. बसून.”

“वकिलांना फोन?”

“न्हाई केला.”

ज्युनियर मला हळूच म्हणाला, मानसिक धक्का लिहू, डॉक्टरचा दाखला मिळेल. मिळाला असता, दोन वर्षं मागच्या तारखेचा दाखला मिळायला सांगलीत काही अवघड नाही. वकीलसाहेबांनी डोळे वर केले, एवढंच. मग त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं टाईप केलं: ‘दि. ०३/०२/२०२० रोजी तेराव्याचा विधी झाला. त्यानंतर दि. १४/०३/२०२० पर्यंत अर्जदार घरीच होत्या. या काळात त्यांनी वकिलांशी संपर्क साधलेला नाही. पतीच्या निधनानंतर त्या कोणत्याच व्यवहारात लक्ष घालत नव्हत्या, याखेरीज अर्जदारास अन्य कारण सांगावयाचे नाही.’

इतक्या वर्षांत शपथपत्रात ‘अन्य कारण सांगावयाचे नाही’ असं मी पहिल्यांदा लिहिलं.

१५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे ७१६ दिवस. लोकांना वाटतं हे फुकट सुटले. सर्वोच्च न्यायालयाने कोरोनामुळे हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता हे खरं, पण तो वगळला ज्यांची मुदत तेव्हा जिवंत होती त्यांच्यासाठी. आमची १६ सप्टेंबर २०१९ लाच संपलेली. दक्ष पक्षकारांसाठीची ही सवलत आधीच चुकलेल्यांना नाही, असं न्यायालयाने २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं. म्हणून हे दिवस वजा करता आले नाहीत. कारण म्हणून मांडावे लागले. त्यातही एक ठोस गोष्ट सापडली. आक्कांचे आधीचे वकील एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेले. फाईल त्यांच्या बंद ऑफिसात होती.

शेवटचे ११२ दिवस. पहिले ४२ फाईल शोधण्यात. ११ एप्रिल २०२२ ला दिवंगत वकिलांच्या मुलाने कपाट उघडून दिलं. उरलेले ७० नवा वकील, उन्हाळी सुट्टी, मसुदा. सुट्टी मुदतीच्या शेवटच्या दिवशी आली तर कलम ४ मदतीला येतं. मुदत संपल्यावर सुट्टी असली काय, नसली काय.

पहिल्या तीन टप्प्यांचे १८० अधिक ७१६ अधिक ११२. बेरीज जुळली तेव्हा वकीलसाहेबांनी चहा मागवला.

भावांचं म्हणणं आलं. अपेक्षेप्रमाणे त्यांचा भर ११ ऑगस्ट २०२० वर होता: वीस गुंठ्यांवर आक्का समाधानी होत्या, विनीता शर्माचा निकाल आल्यावर जाग आली, आणि कायदा बदलला हे उशिराचं कारण होऊ शकत नाही. कायद्याच्या बाजूने हा मुद्दा भक्कम आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा ठणकावून सांगितलं. मसुदा करताना ज्युनियरला तोच निकाल पहिलं कारण म्हणून टाकायचा होता, तो मोह टळला हे नशीब. वकीलसाहेबांनी उत्तरादाखल नकलेचं शेवटचं पान उलटून दाखवलं. अर्ज २६ जुलै २०१९. निकालानंतर चौथ्या दिवशी जिने नकलेसाठी अर्ज केला, तिला अपील तेव्हाच करायचं होतं. तेव्हा विनीता शर्मा प्रकरण निकालापासून वर्षभर लांब होतं. तो शिक्का नसता तर प्रकरण तिथेच संपलं असतं, असं माझं मत आहे.

सुनावणीच्या दिवशी धाकटा भाऊ बाहेरच्या बाकावर आक्कांशेजारी येऊन बसला. “आक्का, चहा घेतलीस का?” त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

आदेश झाला १४ मार्च २०२४ ला. विलंब माफ, भावांना तीन हजार रुपये खर्च देण्याच्या अटीवर. ५३ दिवसांबद्दल न्यायाधीशांनी लिहिलं की खुलासा पुरेसा म्हणता येत नाही, मात्र अर्जदाराने काही लपवलेलं दिसत नाही आणि सगळा काळ एकत्र पाहता हेतुपुरस्सर टाळाटाळ दिसत नाही. टाळाटाळ हा त्यांचा शब्द. दिरंगाई आदेशात कुठेच नव्हतं.

खर्चाची पावती फायलीला लावताना मी सवयीने आणखी एक बेरीज केली. अर्ज दाखल झाल्यापासून आदेशापर्यंत ६३३ दिवस. एका भावाच्या पुण्याच्या पत्त्यावरून नोटीस दोनदा ‘घर बंद’ म्हणून परत आली, म्हणणं दाखल करायला चार तारखा गेल्या, मध्ये न्यायाधीशांची बदली झाली. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, या ६३३ दिवसांसाठी शब्द आहेत ‘तहकूब’, ‘वेळ मागितला’, ‘नोटीस परत’, ‘पुढील तारीख’. विलंब हा शब्द त्यात एकदाही नाही, आणि या दिवसांची माफी कुणी कुणाकडे मागायची यासाठी नमुना अर्जही नाही. पक्षकाराने घालवला तो विलंब, सरकारने घालवला ती प्रशासकीय प्रक्रिया, कोर्टात गेला तो प्रलंबित. मी हे ज्युनियरला म्हणालो तर तो म्हणाला, “लिहा की कुठंतरी.”

अपिलाला आता नियमित नंबर मिळाला आहे. किरकोळ शब्द फायलीवरून गेला. पहिल्या तारखेचा रोजनामा एका ओळीचा आहे: ‘खालील कोर्टाचे मूळ कागदपत्र मागवावेत.’ आक्का आता दर तारखेला येत नाहीत. फोन करतात आणि विचारतात, कागद आले का.